माडावरून पडल्यावर हृदयाचं काय होतं?

हापूसची काढणी ऐन भरात आली की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या वर्तमानपत्रांच्या आतल्या पानावर एक छोटी बातमी येतेच. फांदी मोडून कामगार खाली पडला, मणक्याला गंभीर दुखापत. पोफळीवरून आणि माडावरून पडणारे वेगळेच. बातमी चार ओळींत संपते. त्या माणसाचं पुढे काय झालं ते छापून येत नाही, आणि वाडीत एकच बोलणं उरतं: "पाय गेले रे तेचे. आता पडान रवाचा, दुसरा काय."

यातलं "पाय गेले" हे अर्धंच खरं आहे आणि "पडून राहायचं" हे तर जिवावर बेतणारं आहे.

मज्जारज्जूतून हातापायांना आज्ञा जातात हे आपण शाळेत शिकतो. पण हृदयाचे ठोके वाढवणारे, रक्तवाहिन्या आवळणारे, घाम आणणारे आणि श्वासाचे स्नायू हलवणारे संदेशही त्याच मज्जारज्जूतून खाली येतात. मार किती उंचीवर बसला त्यावर यातलं काय शिल्लक राहिलं ते ठरतं. पूर्वी असे रुग्ण बहुधा मूत्रपिंड निकामी होऊन जात. लघवीची निगा सुधारली आणि आता त्यांच्या मृत्यूच्या मोठ्या कारणांत फुप्फुसाचे संसर्ग आणि हृदयविकार पुढे आले आहेत.

हृदयाचं प्रकरण मला विलक्षण वाटतं, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो. हृदयाला स्वतःची लय असते. बाहेरच्या सगळ्या चेता (म्हणजे नसा, मज्जातंतू) तोडल्या तरी उजव्या कर्णिकेतला, म्हणजे हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यातला, पेशींचा एक लहानसा पुंजका मिनिटाला साधारण १०० ठोके देत राहतो. मग बसल्या जागी आपली नाडी ७० च्या आसपास कशी? कारण व्हेगस नावाची चेता त्या पुंजक्याला सतत मागे खेचून धरते. ही परानुकंपी चेतासंस्था. अनुकंपी चेता नेमकं उलट करतात, ठोके वाढवतात. बैलगाडीला एक कासरा आणि एक चाबूक असावा, तशी ही जोडी आहे.

खरी गोम त्यांच्या वाटेत आहे. व्हेगस मेंदूच्या बुडाशी कवटीतून बाहेर पडते आणि मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीच्या सोबतीने थेट छातीत उतरते. मणक्यांच्या पोकळीत ती शिरतच नाही. अनुकंपी संदेश मात्र मज्जारज्जूतून खाली येतात आणि हृदयाकडे जाण्यासाठी छातीच्या वरच्या चार-पाच मणक्यांच्या पातळीवर बाहेर पडतात. म्हणजे मानेतला मज्जारज्जू पूर्ण तुटला, तर कासरा शाबूत राहतो आणि चाबूक हातातून जातो.

असा माणूस हातांनी फिरवायची सायकल चालवू लागला की मेंदू आधी कासरा सैल सोडतो. नाडी ७० वरून १०० कडे सरकते. त्यापुढे चाबूक हवा, तो नाही. ॲड्रेनलिन मदतीला येईल म्हणावं, तर ते सोडणाऱ्या, मूत्रपिंडावर बसलेल्या ग्रंथींनाही आज्ञा त्याच तुटलेल्या वाटेने मिळत असते. त्यामुळे नाडी बहुधा ११० ते १३० च्या दरम्यान अडते. वय २५ असेल तर जिममधलं "२२० वजा वय" हे सूत्र त्याला १९५ पर्यंतची मुभा देतं. तक्ता बघणारा म्हणतो, "अजून जोर लाव." तो बिचारा आपल्या कमाल मर्यादेला केव्हाच टेकलेला असतो.

म्हणून इथे नाडी मोजून व्यायाम ठरवायचा नाही, दमणूक मोजायची. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी त्यासाठी ६ ते २० अंकांची मोजपट्टी दिली. घरी त्याहून सोपी खूण पुरते: बोलता येतंय पण गाता येत नाही, तो मध्यम व्यायाम.

मार छातीच्या मधल्या मणक्यांच्या खाली असेल तर हृदयाकडे जाणारी वाट शाबूत राहते आणि नाडी पुरेशी चढते. सांगलीचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात मणक्यात गोळी लागून कमरेखाली लुळे झाले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी पोहण्याचं सुवर्णपदक आणलं.

आता रक्ताकडे वळू. धावताना आपल्या आतड्यांच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि तिथलं रक्त स्नायूंकडे वळतं. पोटऱ्यांचे स्नायूही पायातलं रक्त वर ढकलतात. मार वरचा असेल तर हे दोन्ही बंद पडतं. रक्त पोटात आणि पायांत साचून राहतं, हृदय प्रत्येक ठोक्याला कमी भरतं आणि बसून व्यायाम करताना डोळ्यांपुढे अंधारी येते. पोटाला रुंद पट्टा बांधला की बराच फरक पडतो. काही केंद्रांत पायांच्या स्नायूंना विजेचे सौम्य झटके देऊन सायकल चालवून घेतात. त्याने थांबलेला पोटऱ्यांचा पंप पुन्हा चालतो.

२०१८ साली प्रसिद्ध झालेली आंतरराष्ट्रीय शिफारस मोठ्यांसाठी अशी आहे: अंगात ताकद आणि दम राहावा म्हणून आठवड्यातून दोनदा किमान २० मिनिटं दमवणारा व्यायाम आणि दोनदा अजून हलणाऱ्या स्नायूंचा ताकदीचा व्यायाम. हृदय आणि साखर सांभाळायची तर आठवड्यातून तीनदा ३० मिनिटं. व्हीलचेअर ढकलून खांदे आधीच झिजतात, म्हणून ढकलण्याइतकाच ओढण्याचा व्यायामही हवा.

कोकणात एक धोका जास्तीचा आहे. तुटलेल्या जागेखाली घाम जवळजवळ येत नाही, आणि मे महिन्यात आपल्याकडे आलेला घामही सुकत नाही. तेव्हा व्यायाम पहाटे, पंख्याखाली, अंगावर पाण्याचा फवारा मारत करावा. दुसरा धोका छातीच्या सहाव्या मणक्यापाशी किंवा त्याच्या वर मार असलेल्यांचा. अचानक डोकं ठणकू लागलं, चेहरा लाल झाला, मार लागलेल्या जागेच्या वर घाम फुटला तर रक्तदाब भडकलेला असतो. ताबडतोब थांबायचं, ताठ बसवायचं, घट्ट कपडे सोडायचे आणि लघवीच्या कॅथेटरची नळी पिळली गेली आहे का ते बघायचं. तुंबलेली लघवी हे याचं नेहमीचं कारण आहे. तेवढ्याने उतरलं नाही तर लगेच दवाखाना गाठायचा.

झाडाचा राखणदार कोपला म्हणून देवळात गाऱ्हाणं घालतात. त्याने धीर येत असेल तर घाला, पण त्यापायी फिजिओकडे जाणं लांबवू नका. गरम विटेने शेकू नका. कातडीला जाणीव नसते, भाजलेलं कळत नाही. पाय जोराने चोळू-वाकवू नका, हाडं ठिसूळ झालेली असतात. आणि कलमांची बाग गहाण टाकून स्टेम सेलची (मूळ पेशींची) इंजेक्शनं तर मुळीच घेऊ नका. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे मज्जारज्जूच्या दुखापतीसाठी ती मान्यताप्राप्त चाचणीबाहेर देता येत नाहीत.

राहिली फुप्फुसं. श्वासपटल म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा मुख्य स्नायू. त्याची चेता मानेच्या तिसऱ्या ते पाचव्या पातळीवरून निघते, म्हणून त्याखाली मार बसला तर श्वास आत घेता येतो. पण बरगड्यांमधले आणि पोटाचे स्नायू लुळे पडतात. दम्याचा माणूस उठून बसला की त्याला बरं वाटतं. मानेला मार लागलेल्याला उलट आडवं पडल्यावर श्वास मोठा येतो. बसल्यावर सैल पोट पुढे ओघळतं आणि श्वासपटल सपाट होतं, त्याला हलायला वाव उरत नाही. पोटाचा पट्टा इथेही उपयोगी पडतो.

खोकला मात्र पोटाच्या स्नायूंशिवाय येत नाही. पावसाळ्यात सर्दी झाली, कफ आत राहिला, की न्यूमोनिया. विरोध देणाऱ्या छोट्या नळीतून श्वास घेण्याचा रोजचा सराव श्वासाचे स्नायू बळकट करतो. भजनातली लांब ओळही त्या स्नायूंना राबवते, जोडीला ती जरूर असू द्या. आणि घरातल्या एकाने तरी फिजिओकडून हाताने खोकला काढून द्यायला शिकून घ्यावं: रुग्णाने खोल श्वास घ्यायचा, आणि तो खोकायला लागला की त्याच क्षणी बेंबीच्या वर, बरगड्यांच्या खाली तळवा ठेवून आत आणि वर दाबायचं. जेवणानंतर लगेच हे करायचं नाही.