चामड्याला रिव्हेट कशाला? दोरा हरला तिथून सुरू झालेली गोष्ट

चामड्याचं काम शिकताना मी पहिला पट्टा केला तेव्हा बकल लावायला रिव्हेट (डोकं असलेली धातूची छोटी दांडी, भोकातून काढून दुसरं टोक ठोकून पसरवायचं) मारला, आणि दोन दिवसांत तो वाकडा झाला. भोक मोठं पडलेलं आणि रिव्हेटही गरजेपेक्षा लांब, त्यामुळे हातोडी मारल्यावर त्याची दांडी वर पसरण्याऐवजी दोन थरांच्या मध्येच मुरडून बसली. वरून बघाल तर एकदम झकास दिसत होता, आतून पोकळ. तेव्हापासून डोक्यात बसलं की एवढ्या छोट्या गोष्टीत एवढी अक्कल लागते तर ही आली कुठून, म्हणून हे लिहितोय.

आधी एक गैरसमज. रिव्हेट म्हणजे शिवणीपेक्षा पुढची, मॉडर्न टेक्निक असं बऱ्याच जणांना वाटतं, पण तसं काही नाही. चांगला मेण लावलेला जवसाचा दोरा आणि दोन सुयांची शिलाई ही आजही भारीच. इतिहास बघितला तर रिव्हेट आला तो जिथे दोरा टिकेना तिथेच, म्हणजे पाण्यात कुजला, घासून तुटला किंवा एकाच जागी जोराचा हिसका बसून उसवला. बाकी सगळीकडे शिवणच चालू राहिली.

जुनं उदाहरण रोमन सैन्याचं. त्यांचं ते पट्ट्यापट्ट्यांचं लोखंडी चिलखत सिनेमात बघितलं असेल, त्या पट्ट्या एकमेकांना जोडलेल्या नसायच्या, आतल्या बाजूने चामड्याचे पट्टे असायचे आणि प्रत्येक लोखंडी पट्टी त्या चामड्यावर रिव्हेटने ठोकलेली, म्हणून तर माणूस त्यात वाकू शकायचा. १९६४ साली उत्तर इंग्लंडमध्ये कॉर्ब्रिजला एक पेटी सापडली, तिच्यात अशी चिलखतं होती आणि त्यांच्यावर दुरुस्तीच्या खुणाही होत्या, म्हणजे तुटलं की नवा रिव्हेट ठोकून काम भागवायचं हे तेव्हाही चालायचं. त्यांच्या चपलांच्या तळव्यालाही लोखंडी खिळे, आतल्या बाजूला टोक वाकवून पक्के केलेले. हा काही खरा रिव्हेट नाही, पण भाऊबंद म्हणायला हरकत नाही. मधल्या काळात १५ व्या शतकातलं ब्रिगँडाइन नावाचं चिलखत घ्या, जाड कापड किंवा चामड्याच्या आत लोखंडी चकत्या आणि बाहेर फक्त रिव्हेटच्या डोक्यांच्या रांगा. पण या सगळ्यात चामड्याला धातू जोडलाय. चामड्याला चामडं रिव्हेटने जोडायची खरी मजेदार गोष्ट पुढे आहे, आणि ती आगीच्या बंबाची आहे!

१६७२ च्या सुमारास ॲमस्टरडॅममध्ये यान व्हॅन डर हायडन नावाच्या माणसाने (हा मुळात चित्रकार, आणि चांगला नावाजलेला) भावाबरोबर आग विझवायच्या पंपाला लवचिक नळी लावली. ही नळी शिवलेली असायची आणि खरी गोची तिथेच होती. चामड्याची पट्टी गोल करून कडा शिवली की हजारो भोकं पडतात, प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला वाट, त्यात दोरा ओला राहून कुजतो. पंपाचा जोर वाढवला की शिवण फाटायची, म्हणजे नेमकं आग लागल्यावर.

अमेरिकेत फिलाडेल्फियात १८०१ ला नळाचं पाणी आलं, १८०३ मध्ये तिथल्या तरुण पोरांनी फिलाडेल्फिया होज कंपनी (होज म्हणजे नळी) नावाचं आग विझवणाऱ्या स्वयंसेवकांचं पथक काढलं. म्हणजे रस्त्यात पाणी होतं, पथक होतं, आणि सगळं घोडं अडलं होतं ते शिवणीवर. त्याच पथकातल्या सेलर्स आणि पेनॉक यांनी १८०७-०८ च्या आसपास शिवण सोडून दिली आणि कडेवर कडा चढवून तांब्याचे रिव्हेट ठोकले, एकाला लागून एक. रिव्हेटचं एक वैशिष्ट्य असं की भोक पाडलं तरी ते दांडीने पूर्ण भरतं, आणि डोकं आणि वॉशर (दांडीवर बसणारी भोकाची चकती) मिळून दोन्ही थर दाबून धरतात, त्यामुळे पाण्याला वाटच राहत नाही. दोरा फक्त बांधतो, रिव्हेट दाबतो, फरक एवढाच. या नळ्या नीट वापरायच्या तर चरबी, तेल चोळून मऊ ठेवायला लागायच्या, आणि वजनाला इतक्या जड की वाहून न्यायला वेगळी गाडी. तरी पुढची काही दशकं याच चालल्या, रबराचं अस्तर असलेल्या सुती नळ्या आल्यावर मागे पडल्या.

आता तांबंच का, लोखंड का नाही? स्वस्त तर लोखंडच होतं. झाडाच्या सालीत कमावलेल्या चामड्यात टॅनिन असतं, त्याला ओलं लोखंड लागलं की काळा डाग पडतो, जुन्या काळी शाई करायचे तीच केमिस्ट्री. वर गंज चढतो आणि आसपासचं चामडं ठिसूळ होतं. शिवाय बॉयलरचा रिव्हेट लालबुंद तापवून मारतात, चामड्यात तसं केलं तर वास येईल आणि भोक उरेल बस. म्हणजे थंड असतानाच पसरेल असा मऊ धातू हवा, तो तांबं.

मारायची पद्धतही तेव्हापासून फारशी बदललेली नाही. पंचने दांडीच्या मापाचं भोक, खालून रिव्हेट वर काढायचा, वरून वॉशर घालायचा जो दांडीवर घट्टच बसतो, मग सेटरच्या (वॉशर खाली ठोकायचं भोकाचं हत्यार) भोकात दांडी घेऊन वॉशर ठोकत खाली चामड्यापर्यंत न्यायचा. उरलेली दांडी पक्कडीने कापायची, दीड-दोन मिलिमीटर ठेवून, आणि गोल तोंडाच्या हातोडीने हलक्या हाताने चहूबाजूने ठोकत घुमट करायचा. हलक्या हाताने! मी पहिल्यांदा दणादण मारलं होतं. आणि पट्ट्याला एकच रिव्हेट मारू नका, तो त्याच्याभोवती फिरत राहतो, किमान दोन पाहिजेत.

बुटांची कहाणी थोडी वेगळी. मार्क ब्रुनेल या इंजिनिअरने १८१० ला ब्रिटिश सैन्याच्या बुटांचे तळवे शिवण्याऐवजी धातूच्या खिळ्यांनी ठोकायचं मशीन पेटंट केलं, जखमी सैनिक मशीनवर बसून बूट करायचे. १८१५ ला नेपोलियनशी चाललेलं युद्ध संपलं, मागणी गेली, माल पडून राहिला, आणि ब्रुनेल १८२१ मध्ये कर्जापायी तुरुंगात गेला (बाकीच्या धंद्यातलं कर्जही होतंच). कल्पना मात्र मेली नाही. १८५३ ला इंग्लंडमधल्या लेस्टरच्या थॉमस क्रिकने रिव्हेट बुटाचं पेटंट घेतलं. साच्याच्या तळाला लोखंडी पत्रा, खिळा आत गेला की टोक पत्र्याला आपटून आपोआप वाकतं, हाताने वाकवायची कटकट नाही. बूट स्वस्त झाले, थोडे कडक झाले हेही खरं.

पुढचा भाग जीन्सचा, तो बऱ्याच जणांना माहीत असतो पण अर्धाच. अमेरिकेत नेवाडातल्या रीनो गावचा शिंपी जेकब डेव्हिस तंबू आणि घोड्यांच्या झुली शिवायचा, आणि झुलीला पट्टे जोडायला तांब्याचे रिव्हेट वापरायचा. म्हणजे रिव्हेट पँटसाठी आणलेलेच नव्हते. १८७० च्या शेवटी एका लाकूडतोड्याच्या बायकोने नवऱ्यासाठी दणकट पँट मागितली, ३ डॉलर दिले, टेबलावर रिव्हेट पडलेलेच होते, डेव्हिसने खिशांच्या कोपऱ्यांवर ठोकून दिले. पेटंटला पैसे नव्हते म्हणून १८७२ ला त्याने कापड पुरवणाऱ्या लेव्ही स्ट्रॉसला पत्र लिहिलं, आणि २० मे १८७३ ला पेटंट क्रमांक १३९१२१ दोघांच्या नावे निघालं. घोड्याच्या सामानातली युक्ती खिशावर आली, बस इतकंच.

पण उलटंही झालं. मागच्या खिशांचे रिव्हेट खुर्च्या आणि घोड्याचं खोगीर ओरबाडायला लागले, म्हणून १९३७ मध्ये ते कापडाखाली झाकले, आणि १९६० च्या दशकात काढूनच टाकले, त्या जागी मशीनची दाट आडवी शिलाई आली. इथे मात्र दोऱ्याने रिव्हेटला हाकललं.