वृद्ध स्त्री-रुग्ण आणि डॉक्टर यांच्यातील संवाद

वृद्ध स्त्री आपले दुखणे डॉक्टरांना कसे सांगते, काय सांगायचे टाळते आणि डॉक्टरांचे म्हणणे तिच्यापर्यंत कोणामार्फत पोहोचते, यांचा विचार या विषयात होतो. महाराष्ट्रात हा संवाद बहुधा तिघांत चालतो: प्रश्न डॉक्टर विचारतात, उत्तर सोबत आलेला मुलगा किंवा सून देते आणि जिचे दुखणे असते ती ऐकत बसते. सोबतीचा आधार खरा असतो. ऐकू कमी येणाऱ्या, मोतीबिंदू झालेल्या किंवा केवळ गोंडी, कोरकू वा भिली बोलणाऱ्या स्त्रीला त्यावाचून दवाखाना गाठणेही अवघड जाते. मात्र अंग बाहेर येणे, लघवी न थांबणे किंवा पाळी गेल्यानंतर पुन्हा अंगावरून जाणे यांविषयी ती मुलासमोर बोलत नाही. यांपैकी शेवटचे लक्षण गर्भाशयाच्या कर्करोगाचे असू शकते, म्हणून तेथील मौन सर्वांत घातक ठरते. खर्च वाचवण्यासाठी गोळी एक दिवसाआड घेतल्याचेही ती सांगत नाही.

राणी व अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील २ गावांत केलेली पाहणी १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तीत तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्क्यांना स्त्रीरोग आढळले. त्यासाठी पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. पाहणी फक्त वृद्धांची नव्हती, तरी दुखणे अंगावर काढण्याची सवय तरुणपणीच जडते, हे तिच्यावरून उमगते.

उणीव डॉक्टरांकडेही असते. हृदयविकाराचा झटका आलेल्या वृद्ध स्त्रीला, विशेषतः मधुमेह असल्यास, छातीत कळ न येता नुसता दम लागू शकतो, मळमळू शकते किंवा कमालीचा थकवा येऊ शकतो. ‘वयामुळे होतंय’ असे म्हणून तिला परत पाठवणे म्हणूनच धोक्याचे आहे. तपासणीच्या वेळी काही मिनिटे तिच्याशी एकटीशी बोलणे, तिच्या भाषेतील आशा कार्यकर्तीची मदत घेणे आणि औषध कसे घ्यायचे ते तिच्याच तोंडून पुन्हा ऐकणे, हे उपाय साधे पण परिणामकारक आहेत.

संमतीच्या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. भूल दिलेल्या ४४ वर्षांच्या स्त्रीचे गर्भाशय तिच्या आईच्या संमतीने काढल्याच्या प्रकरणात, सज्ञान रुग्णाऐवजी नातेवाइकाने दिलेली संमती ग्राह्य नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली दिला. वृद्ध आईच्या आजाराचे निदान मात्र आजही अनेकदा आधी मुलाला सांगितले जाते आणि तिला किती सांगायचे, हे तो ठरवतो.