चेरोकीचा ‘आ’ म्हणजे इंग्रजीचा ‘डी’ नव्हे

“चेरोकी लिपीला संगणकात स्वतःची अक्षरं नाहीत, ती इंग्रजीचीच अक्षरं वेगळ्या फॉन्टमध्ये दाखवतात.” हा समज बराच फिरतो, आणि त्याला कारणही आहे. अमेरिकेतल्या चेरोकी लोकांची ही लिपी १८२१च्या सुमारास तयार झाली. तिचं ‘आ’ हे अक्षर हुबेहूब इंग्रजी ‘डी’सारखं दिसतं. ‘ला’ डब्ल्यूसारखं, ‘मी’ एचसारखं. आपणही जुने मराठी डीटीपी फॉन्ट वापरलेत. फॉन्ट बदलला की मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसायचा. त्यामुळे इथेही तसंच असेल, असं वाटणं साहजिक आहे.

पण संगणक अक्षराचं रूप साठवत नाही, त्याचा क्रमांक साठवतो. युनिकोड ही जगभरच्या लिपींतल्या अक्षरांना क्रमांक देणारी पद्धत; तिच्यात मोठ्या ‘डी’चा क्रमांक ६८, चेरोकी ‘आ’चा ५०२४. हे क्रमांक साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत पहिल्याला एक बाइट लागतो, दुसऱ्याला तीन. चेरोकी लिपी युनिकोडमध्ये १९९९पासून आहे. २०१५मध्ये तिची लहान (स्मॉल) अक्षरंही आली. छोट्या ‘आ’चा क्रमांक ४३८८८.

स्वतः पाहायचं असेल तर एक्सेलच्या दोन चौकटी पुरतात. एकीत कीबोर्डवरून मोठा ‘डी’ टाइप करा, दुसरीत चेरोकी मजकुरातला ‘आ’ कॉपी करून टाका. मग दोन्हींवर ‘युनिकोड’ हे फंक्शन चालवा. डोळ्यांना जुळी दिसणारी ही अक्षरं, पण उत्तर येईल ६८ आणि ५०२४. म्हणूनच चेरोकी मजकुरात कीबोर्डवरचा ‘डी’ शोधला, तर हे ‘आ’ सापडत नाही.