इंटरव्हल सराव (माउंटन बायकिंग)

जोरकस श्रम आणि विश्रांती (किंवा हलके पेडलिंग) यांची ठरावीक आवर्तने असलेली सरावपद्धती. माउंटन बायकिंगच्या क्रॉस-कंट्री (चढउतारांच्या कच्च्या वाटांवरील शर्यत) प्रकारात ती विशेष रूढ आहे. पुण्यातील एमटीबी (माउंटन बाइक) सायकलस्वार टेकड्यांवरचे चढ, बोपदेव घाट आणि सिंहगडाचा रस्ता यांचा तिच्यासाठी उपयोग करतात.

उगम : पद्धतीचे जनकत्व वादग्रस्त आहे. जर्मन परंपरेत ते फ्रायबुर्ग येथील प्रशिक्षक व्होल्डेमार गेर्शलर व हृदयरोगतज्ज्ञ हर्बर्ट राइंडेल यांच्याकडे जाते. त्यांचे काम साधारणपणे १९३० च्या दशकातले मानतात. थोड्या अंतराच्या धावेने नाडी मिनिटाला सुमारे १८० ठोक्यांपर्यंत न्यायची, ती १२० वर उतरली की पुन्हा धावायचे आणि उतरायला ९० सेकंदांहून अधिक वेळ लागू लागला की सराव थांबवायचा किंवा सौम्य करायचा, असा त्यांचा दंडक होता. हृदयाची वाढ विश्रांतीच्या काळात होते, ही त्यामागची उपपत्ती पुढे त्या स्वरूपात टिकली नाही. दंडक मात्र टिकला. गेर्शलर यांचा शिष्य रुडोल्फ हार्बिग याने १९३९ मध्ये मिलान येथे ८०० मी. धावण्याचा १ मि. ४६.६ से. हा विक्रम केला. तो १९५५ पर्यंत अबाधित राहिल्याने पद्धतीचा गवगवा झाला.

फिनलंडचे अभ्यासक हा मान लाउरी पिहकाला यांना देतात. श्रम-विश्रांतीच्या आवर्तनांचा पुरस्कार त्यांनी १९१०–२० च्या सुमारास केला आणि धावपटू पाव्हो नुर्मीच्या सरावावर त्याची छाप पडली, असे सांगितले जाते. फिनलंडचाच धावपटू हानेस कोलेहमाइनेन हा १९१२ च्या सुमारास स्पर्धेच्या वेगाने तुकड्यातुकड्यांनी धावत असे, हा दाखला धरल्यास उगम त्या दशकाच्या आरंभापर्यंत मागे जातो. स्वीडनच्या योस्टा होल्मेर यांचा फार्टलेक (मनास येईल तसा वेग बदलत धावणे; १९३० चे दशक) काहीजण याच मालिकेत बसवतात. परंतु त्यात ना वेळ ठरलेली असते ना विश्रांती, म्हणून तो वेगळा धरणे बरे. आवर्तनांची कल्पना फिनलंडची आणि तिला नाडीच्या मोजमापाची शिस्त फ्रायबुर्गची, हे मत अधिक ग्राह्य वाटते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णपदके मिळवणाऱ्या चेकोस्लोव्हाकियाच्या धावपटू एमिल झाटोपेकच्या ४०० मी. च्या असंख्य धावांनी ही पद्धत जगभर पोहोचवली.

सायकलच्या दृष्टीने निर्णायक काम स्टॉकहोमचे. शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑस्ट्रांड व सहकाऱ्यांनी १९६० मध्ये सायकल एर्गोमीटरवर (श्रम मोजणारी स्थिर सायकल) दाखवून दिले, की तासाभराचे एकूण काम तेवढेच ठेवले तरी अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे तुकडे शरीराला सोपे जातात, तर तीन-तीन मिनिटांचे तुकडे जवळजवळ पूर्ण थकवतात. तुकड्याची लांबी हेच मुख्य चल आहे, हा आजच्या साऱ्या वादांचा पाया येथे आहे.

पद्धतींची तुलना : क्रॉस-कंट्री शर्यतीत नाडी सरासरीने कमाल मर्यादेच्या ९० टक्क्यांच्या आसपास राहते, असे इंपेलिझेरी व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये नोंदवले. उतारावर पेडलवरचा जोर नाहीसा झाला तरी हात व खांदे आवळलेले असल्याने नाडी फारशी उतरत नाही. म्हणून या खेळात केवळ नाडीवरून श्रम मापणे फसवे ठरते.

लांब तुकड्यांत नॉर्वेचा ४ × ४ मिनिटे हा प्रकार सर्वाधिक प्रसिद्ध आहे (चार मिनिटांची चार आवर्तने, नाडी कमाल मर्यादेच्या ९०–९५ टक्के, मध्ये ३ मिनिटे हलके श्रम). हेल्गेरुड व सहकाऱ्यांच्या २००७ च्या धावण्यावरील अभ्यासात त्याने आणि १५ सेकंद श्रम–१५ सेकंद हलके या प्रकाराने व्हीओटू मॅक्स, म्हणजे कमाल प्राणवायू ग्रहणक्षमता, जवळजवळ सारखीच वाढवली. सायलर व सहकाऱ्यांना २०१३ मध्ये हौशी सायकलस्वारांत ४ × ८ मिनिटे हा किंचित सौम्य प्रकार ४ × ४ पेक्षा सरस आढळला. उलट रोन्नेस्टाड व सहकाऱ्यांच्या २०१५ च्या प्रयोगात ३० सेकंद श्रम–१५ सेकंद हलके, अशी १३ आवर्तने तीन संचांत करणाऱ्यांची प्रगती ४ × ५ मिनिटे करणाऱ्यांहून अधिक झाली. हे प्रयोग रस्त्याच्या किंवा स्थिर सायकलवरचे आहेत, हे विसरू नये.

माउंटन बायकिंगवर थेट प्रकाश टाकणारा अभ्यास इनोउए व सहकाऱ्यांचा (२०१६). १६ सायकलस्वारांनी सहा आठवडे, आठवड्यातून तीनदा, एकतर ४–६ मिनिटांची ७–१० आवर्तने केली किंवा ३० सेकंदांचे ८–१२ संपूर्ण जोराचे स्प्रिंट. शर्यतीची वेळ दोन्ही गटांत सुधारली. प्रयोगशाळेतील मोजमापांत गटांमध्ये लक्षणीय फरक नव्हता, परंतु शर्यतीच्या वेळेत पारडे लांब तुकड्यांकडे झुकले. नमुना लहान असला, तरी या खेळापुरते ते झुकते माप मान्य करण्यास हरकत नसावी.

टबाटा पद्धत (१९९६) मूळची जपानी स्पीड स्केटिंग संघाचे प्रशिक्षक इरिसावा यांची. इझुमी टबाटा यांनी ती तपासली. व्हीओटू मॅक्सच्या सुमारे १७० टक्के तीव्रतेने २० सेकंद, मध्ये १० सेकंद विश्रांती, अशी सात-आठ आवर्तने झाली की माणूस पुरता थकतो. या नावाखाली जिममध्ये चालणारे बरेचसे प्रकार त्या तीव्रतेच्या जवळपासही जात नाहीत.

पुणे परिसर : जमिनीची घडणच येथे पद्धत ठरवते. वेताळ टेकडी, तळजाई किंवा बाणेर–पाषाण टेकडीवरचे चढ आखूड व खडबडीत असतात; मुरूम आणि बेसाल्टचे सुटे दगड यांमुळे चाक घसरते आणि सलग पाच मिनिटे एकाच जोराने पेडल मारणे क्वचितच साधते. तेथे ३० सेकंद ते दोन मिनिटांचे तुकडे आणि त्यांबरोबर तोल, गिअर व वळण यांचा सराव योग्य. वेताळ टेकडीवरील एआरएआय (वाहन संशोधन संस्था) कडे जाणारा चढ डांबरी असल्याने मोजूनमापून आवर्तने करण्यास सोयीचा. ४ ते ८ मिनिटांच्या तुकड्यांसाठी सिंहगडाचा घाटरस्ता किंवा बोपदेव घाट लागतो. गड समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मी. उंच आहे आणि घाटात एकामागून एक आवर्तने चढतच घेता येतात. शनिवार-रविवारी वाहनांची गर्दी असल्याने तेथे उजाडण्यापूर्वी जाणेच श्रेयस्कर. टेकड्यांवर पायी फिरणाऱ्यांची वर्दळ सकाळीच असते, त्यामुळे उतारावर जोर लावणे टाळावे.

मार्च ते मे या काळात उन्हामुळे तेवढ्याच श्रमाला नाडी वर सरकते. तेव्हा पॉवर मीटर (पेडलवरचा जोर मोजणारे उपकरण) नसल्यास धाप व थकव्याची स्वतःची जाणीव नाडीपेक्षा विश्वसनीय ठरते. पावसाळ्यात शेवाळलेला खडक निसरडा होतो आणि मुरमाच्या पायवाटा चाकांनी उखडतात. लांब तुकडे तेव्हा घरातील ट्रेनरवर (सायकल जागीच चालवण्याचे साधन) घेतात; दारेखिडक्या उघड्या व पंखा चालू नसेल तर तेथेही नाडीचे आकडे उन्हाळ्यासारखेच फुगतात.