रॅम्प आहे, पण चढता येत नाही: एकास बाराची पार्श्वभूमी

एक फूट उंची चढायला बारा फूट लांबीचा उतार, म्हणजे 1:12. व्हीलचेअरच्या रॅम्पचं हे प्रमाण आपल्याकडच्या सरकारी मार्गदर्शिकांमध्ये पंचवीसेक वर्षं छापून येतंय. प्रत्यक्ष बांधलेल्या रॅम्पवर मात्र ते क्वचितच सापडतं. दोष कंत्राटदाराचा आहेच, पण त्याला मोकळं रान कायद्यानेच दिलं होतं.

आकडा आला अमेरिकेतून. हर्बर्ट एव्हरेस्ट आणि हॅरी जेनिंग्ज यांनी 1930च्या दशकात घडी होणारी, लोखंडी नळ्यांची खुर्ची बनवली. खुर्ची मोटारीत मावू लागली तशी माणसं घराबाहेर पडली आणि पायऱ्यांशी अडली. पुढे महायुद्धातून जायबंदी होऊन परतलेले सैनिक इलिनॉय विद्यापीठात शिकायला आले. तिथल्या टिमोथी नुजेंट यांच्या पुढाकारातून 1961 साली सुगम्यतेचं पहिलं अमेरिकन मानक तयार झालं आणि त्यात 1:12 ही चढाची कमाल मर्यादा ठरली. कमाल हे आपल्याकडे सोयीस्करपणे विसरलं जातं. उंची जास्त असेल तर 1:15, 1:20 असा सौम्य उतारच हवा.

आता आपल्या इमारतीचं जोतं घ्या. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून ते साधारण दीड फूट उंच असतं, म्हणजे तीन पायऱ्या. 1:12ने हिशेब केला तर रॅम्प 18 फूट लांब हवा. समोर एवढी जागा नसते, उरलेल्या जागेत दुचाक्या लागतात, मग सहा फुटांत काम उरकलं जातं. हा झाला 1:4. माणूस आणि खुर्ची मिळून 95 किलो धरले, तर 1:12वर साधारण 8 किलोचा जोर लावून वर सरकता येतं. 1:4वर तोच जोर 23 किलोवर जातो. शिवाय खुर्ची इतकी मागे कलते की बसलेल्याचा भार मागच्या चाकाच्या आसापलीकडे जातो आणि पुढची छोटी चाकं उचलली जातात. खुर्ची पाठीवर उलटते ती अशी. मागून ढकलणारा असला तरी उतरताना त्याचेच पाय घसरतात, कारण वर चकचकीत ग्रॅनाइट बसवलेलं असतं.

उतार बरोबर असूनही रॅम्प वाया जातो. वरच्या टोकाला पाच फूट बाय पाच फूट सपाट जागा नसेल, तर दार स्वतःकडे ओढताना खुर्ची मागे घरंगळते. पायथ्याशी डांबराचा नवा थर चढला की इंच-दीड इंचाची धार तयार होते, तिथे छोटी चाकं अडकतात आणि माणूस पुढे फेकला जातो. दुचाक्या शिरू नयेत म्हणून रॅम्पच्या तोंडाशी लोखंडी खांब रोवतात. दोन खांबांत 900 मिलिमीटर मोकळे सोडले नाहीत, तर व्हीलचेअरही बाहेरच. आणि आत पोचलात तरी न्हाणीघराचं दार अडीच फुटी. चौकट आणि पल्ल्याची जाडी वजा केली की दोन फुटांहून थोडंच जास्त उरतं, खुर्ची मात्र 650 ते 700 मिलिमीटर रुंद.

कायद्याकडे वळू. कानपूरच्या ॲलिम्कोत, म्हणजे कृत्रिम अवयव आणि व्हीलचेअर बनवणाऱ्या सरकारी कंपनीत, 1976 पासून साधनं तयार होत होती, पण ती घेऊन जायचं कुठे, याची तजवीज कायद्यात यायला 1995 उजाडलं. त्या अधिनियमाच्या कलम 46ने सार्वजनिक इमारतींत रॅम्प सांगितले, पण ‘आर्थिक क्षमता आणि विकासाच्या मर्यादेत’. ही पळवाट पुढे वीस वर्षं पुरली. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने 1998 मध्ये मापं छापली, तीही मार्गदर्शक म्हणूनच. जानेवारी 2001 मध्ये मुंबईतल्या परिषदेसाठी आलेले स्टीफन हॉकिंग दिल्लीलाही गेले, तेव्हा कुतुबमिनारला त्यांच्यासाठी तात्पुरते रॅम्प टाकले गेले. स्वतः व्हीलचेअर वापरणारे जावेद अबिदी यांनी तो प्रश्न लावून धरला होता. इच्छा असली की काम किती पटकन होतं, हे तेव्हा दिसलं.

भारताने 2007 मध्ये अपंगांच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर शिक्कामोर्तब केलं आणि त्यामुळे नवा कायदा करणं भाग पडलं. तो 2016 मध्ये संमत झाला आणि 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. मानकं पाळल्याशिवाय बांधकामाची परवानगी नाही आणि पूर्णत्वाचा दाखलाही नाही. जुन्या सार्वजनिक इमारतींना, नियम निघाल्यापासून पाच वर्षं. नियम जून 2017चे, म्हणजे मुदत 2022 मध्येच संपली. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईत खारचं विवाह नोंदणी कार्यालय लिफ्टशिवाय दुसऱ्या मजल्यावर असल्याने व्हीलचेअर वापरणाऱ्या नवरीला उचलून न्यावं लागलं.

2017च्या याच नियमांपैकी नियम 15मध्ये मेख होती. कायदा सक्तीचं बोलत होता आणि नियम बोट दाखवत होता शिफारसवजा मार्गदर्शिकांकडे. राजीव रतूडी यांनी सुगम्यतेसाठी 2005 मध्ये दाखल केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी नेमकं हेच हेरलं, नियम 15(1) कायद्याशी विसंगत ठरवला आणि किमान सक्तीची मापं वेगळी काढायला केंद्राला तीन महिने दिले. रॅम्पचा उतार, दाराची रुंदी, वळायला लागणारी पाच फुटांची जागा ही या यादीत सर्वात आधी हवीत, कारण ती टेपने मोजता येतात आणि दाखला देणाऱ्या अधिकाऱ्याला त्यात ‘साधारण बरोबर आहे’ असं लिहायला जागा उरत नाही.