दम का लागतो, नाडी का वाढते?
(आमच्या व्यायामशाळेच्या सभासदांसाठी)

ट्रेडमिल सुरू होताच काही सेकंदांत श्वास वाढतो. रक्तातला ऑक्सिजन तेव्हा मुळीच कमी झालेला नसतो. पायांना हुकूम सोडतानाच मेंदू श्वसनकेंद्रालाही जागं करतो, हलत्या स्नायू-सांध्यांकडूनही तिकडे वर्दी जाते. बारीक जुळवाजुळव नंतर रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडवर होते. वेग फार वाढवला की स्नायूंतलं आम्ल रक्तात उतरतं आणि ते निपटायला श्वास एकदम उसळतो. रंकाळ्यावर रंगलेल्या गप्पा पन्हाळ्याच्या चढाला बंद पडतात, त्या याचमुळे. वजन कमी करायला आलेल्यांनी सलग वाक्य बोलता येईल एवढाच वेग ठेवावा.

विश्रांतीत हृदय मिनिटाला सुमारे 5 लिटर रक्त ढकलतं, जोराच्या व्यायामात 20 लिटरपर्यंत. त्यातलं चार पंचमांश स्नायू ओढून घेतात, पोटाचा वाटा घटतो. तेव्हा तांबडा-पांढरा ओरपून लगेच येऊ नका, दोन-तीन तास जाऊ द्या.

नाडी मोजायची तर थांबल्याथांबल्या, मनगटावर दोन बोटं ठेवून (अंगठा नको, त्याची स्वतःची नाडी लागते). 15 सेकंदांचे ठोके गुणिले 4. उशीर केलात तर आकडा कमी येणार. 220 वजा वय ही कमाल नाडी ढोबळ आहे, दहा-बारा ठोके इकडेतिकडे सहज होतात. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांची नाडी गोळीच दाबून ठेवते, त्यांनी हा हिशोब सोडून बोलण्याची कसोटीच धरावी.

सर्वांत जास्त चुका थांबताना होतात. चालताना पोटऱ्या आवळतात आणि शिरांतलं रक्त वर ढकलतात. धावता धावता पट्टा बंद करून उभं राहिलात, तर हा पंप थांबतो. पायांतल्या रक्तवाहिन्या मात्र अजून सैलच असतात. रक्त खाली साचतं, मेंदूला कमी पडतं, घेरी येते. वेग उतरवत पाच ते दहा मिनिटं चाला. त्यातूनही डोळ्यांपुढे अंधारी आलीच तर आडवे व्हा, पाय उंच ठेवा.

वजन उचलताना श्वास कोंडू नका. छातीतला दाब वाढून हृदयाकडे परतणारं रक्त अडतं, रक्तदाब आधी उसळतो, मग कोसळतो. तालमीतली बैठकीची रीत इथेही चालते: खाली जाताना श्वास घ्या, उठताना सोडा.

छातीत दाटणं, कळ डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणं, थंड घाम येणं, यांतलं काहीही जाणवलं तर जागीच थांबा आणि प्रशिक्षकाला हाक मारा. आम्ही 108 ला फोन लावतो.