‘साफ माल’ म्हणजे किती साफ?

फाउंड्रीत ‘साफ माल’ म्हणजे पोटात पोकळी किंवा मळी नसलेला ओतीव नग. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनांचे भाग ओतले जात त्या काळात नगाच्या पोटात काय आहे हे कळायला हातोडी मारून नाद ऐकायचा, नाहीतर लॉटमधला एखादा नग कापून पाहायचा. पंपाच्या बॉडीला पाण्याची टेस्ट असे, पण तिच्यात गळती कळते, बंद पोकळी नाही. उरलेले ब्लो होल, म्हणजे गॅसची छिद्रे, मशीन शॉपमध्ये टूलखाली उघडत आणि शिव्या फाउंड्रीला पडत.

नग न कापता त्याचे पोट फिल्मवर दाखवणाऱ्या क्ष-किरणांचा शोध 1895 चा. जाड नगांचे काम मात्र सोपे झाले ते दुसऱ्या महायुद्धानंतर, अणुभट्टीत बनवलेल्या किरणोत्सारी स्रोतांमुळे. 

पुढे कोल्हापूरजवळच्या शिरोली-गोकुळ शिरगावात मोटारी-ट्रॅक्टरची एसजी आयर्नची (ज्यात ग्राफाइट पाकळ्यांऐवजी गोळ्यांसारखे असते त्या बिडाची) कामे वाढली आणि जुना ‘साफ माल’ हा शब्द अडचणीचा ठरला. साध्या बिडात ग्राफाइट फुगून थिजतानाचे आकुंचन बरेचसे भरून काढते. एसजीमध्ये तोच फुगवटा कच्च्या साच्याची भिंत बाहेर ढकलतो आणि जाड भागात श्रिंकेज, म्हणजे आकुंचनाची पोकळी, राहते. ड्रॉइंगवर मात्र ‘साफ’ नसते, ‘लेव्हल 2’ असते. ही लेव्हल अमेरिकी मानकांतल्या संदर्भ-फिल्म्सवरून आली. मुळात पोलादी ओतकामासाठी बनवलेल्या या संचात ए म्हणजे गॅसची छिद्रे, बी म्हणजे वाळू आणि मळी, सी म्हणजे श्रिंकेज, आणि या प्रत्येकाच्या 1 ते 5 पायऱ्या. आपली फिल्म शेजारी ठेवायची आणि डोळ्यांनी जुळवायची. पट्टीने मोजायचे काही नाही. त्यामुळे दोन आणि तीनमधला फरक बघणाऱ्यागणिक बदलतो, आणि खरेदीदाराची पैसे कापणारी डेबिट नोट निघते ती नेमकी त्या फरकावर. शिवाय हे संदर्भ-फोटो कुठली लेव्हल चालेल ते सांगत नाहीत. ते खरेदीदार आणि फाउंड्रीने आधी ठरवायचे असते. आधी कोण बसतो? ऑर्डर घ्यायची घाई असते, नग कुठे किती ताण सोसणार हे फाउंड्रीला कुणी सांगत नाही आणि सगळ्या नगावर एकच लेव्हल लिहून मोकळे होतात. माझ्या मते इथे फाउंड्रीपेक्षा ड्रॉइंग काढणाऱ्याची चूक मोठी.

नगातून ध्वनी सोडून तपासणाऱ्या अल्ट्रासोनिकने हा वाद सुटला नाही. साध्या बिडात ग्राफाइटच्या पाकळ्या ध्वनी विखुरतात. एसजीमध्ये ध्वनीच्या वेगावरून ग्राफाइट गोल झाले की नाही ते मात्र चांगले कळते, गोल झाले असेल तर वेग सेकंदाला 5,600 मीटरच्या आसपास भरतो.

आता सीटी स्कॅन आले आहे. 1971 साली माणसाच्या मेंदूसाठी पहिल्यांदा वापरलेले हे तंत्र पोकळीचे घनफळ टक्क्यांत देते. ड्रॉइंगवर अजून ‘लेव्हल 2’च असते, आणि टक्के त्या लेव्हलमध्ये कसे बसवायचे यावर नव्याने पत्रव्यवहार सुरू होतो.